न्यायमूर्तींची निवड आणि विश्वासाची कसोटी : मद्रास उच्च न्यायालयाचा अनुभव

७ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी एकाच वेळी दोन शहरांत एकाच विषयाची कार्यवाही सुरू होती. चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून एल. व्हिक्टोरिया गौरी यांचा शपथविधी पार पडत होता. नवी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठापुढे त्यांच्या नेमणुकीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सुनावणी होत होती. चेन्नईत शपथ घेतली गेली आणि दिल्लीत याचिका फेटाळण्यात आल्या. कायद्याच्या दृष्टीने हा वाद तेथेच संपला. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न जुना आहे आणि तो एका व्यक्तीपुरता मर्यादित नाही. उच्च न्यायालयावर कोणाची नेमणूक करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्या निवडीवर नागरिकांनी किती आणि कशाच्या आधारे विश्वास ठेवावा?

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार प्रथम पंतप्रधान व त्यांच्या मंत्रिमंडळाकडे आणि १९९३ नंतर सरन्यायाधीश व त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे राहिला. या दोन्ही पद्धतींची कसोटी पाहणारे अनेक प्रसंग मद्रास उच्च न्यायालयाशी निगडित आहेत. त्या प्रसंगांचा आणि नेमणुकीच्या पद्धतीचा हा आढावा.

दीडशे वर्षांहून जुने न्यायालय

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन इलाख्यांतील उच्च न्यायालये १८६१ च्या कायद्यानुसार १८६२ साली स्थापन झाली. मद्रास येथील न्यायालयाचे कामकाज ऑगस्ट १८६२ मध्ये सुरू झाले. त्याची लाल विटांची, घुमट व मनोऱ्यांची इमारत १८९२ साली पूर्ण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात टी. मुथुस्वामी अय्यर हे या न्यायालयावर नियुक्त होणारे पहिले भारतीय ठरले. १८९३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे मुंबई उच्च न्यायालयावर गेले, त्याच्या कितीतरी आधीची ही घटना आहे. १९४८ साली पी. व्ही. राजमन्नार हे मद्रासचे पहिले भारतीय मुख्य न्यायमूर्ती झाले.

आज या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात तामिळनाडू राज्य व पुद्दुचेरी हा केंद्रशासित प्रदेश येतो. न्यायमूर्तींची मंजूर संख्या ७५ असून २००४ पासून मदुराई येथे खंडपीठ आहे. देशातील मोठ्या उच्च न्यायालयांत त्याची गणना होते. त्यामुळे येथील नेमणुकांचा परिणाम कोट्यवधी नागरिकांच्या दाव्यांवर होतो.

घटनासमितीत झालेला विचार

न्यायमूर्तींच्या निवडीचा प्रश्न २४ मे १९४९ रोजी घटनासमितीत सविस्तर चर्चिला गेला. मद्रास प्रांताचे सदस्य बी. पोकर साहिब यांच्यासह काही सदस्यांचे म्हणणे असे होते की, नेमणुकीला सरन्यायाधीशांची केवळ सल्लामसलत नव्हे, तर संमती आवश्यक असावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या सूचनांना दिलेले उत्तर आजही उद्धृत केले जाते. ब्रिटनमध्ये नेमणुकीचा अधिकार राजसत्तेकडे, म्हणजे प्रत्यक्षात कार्यकारी सत्तेकडे, कोणत्याही मर्यादेविना आहे आणि अमेरिकेत त्याला सिनेटची संमती लागते, हे त्यांनी दाखवून दिले. भारताच्या परिस्थितीत ही दोन्ही टोके त्यांना योग्य वाटली नाहीत. कार्यकारी सत्तेला मोकळे रान देणे धोक्याचे आणि विधिमंडळाच्या संमतीमुळे राजकीय दबाव शिरण्याची भीती, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरन्यायाधीशांच्या संमतीविषयी ते म्हणाले की, सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी सामान्य माणसाचे गुणदोष व पूर्वग्रह त्यांच्याही ठायी असू शकतात. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला देण्यास तयार नाही, तो एकट्या सरन्यायाधीशांना देणे उचित होणार नाही.

या उत्तरातील मुख्य विचार एवढाच की, निवड करणारी व्यक्ती सद्हेतूने वागेल या गृहीतावर व्यवस्था उभी करू नये. म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपतींनी सरन्यायाधीश, संबंधित राज्याचे राज्यपाल व उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी सल्लामसलत करून करावी, अशी तरतूद झाली. उमेदवार भारतीय नागरिक असावा आणि त्याने किमान १० वर्षे न्यायिक पद भूषविलेले असावे किंवा तितकी वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी, एवढीच पात्रता घटनेने सांगितली. निवृत्तीचे वय मूळ ६० होते. १९६३ च्या घटनादुरुस्तीने ते ६२ झाले.

सरकारचा शब्द अंतिम होता तेव्हा

पहिली चार दशके सल्लामसलतीनंतरचा अंतिम शब्द सरकारचा राहिला. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली दिलेल्या चौदाव्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. उच्च न्यायालयांवरील काही नेमणुका गुणवत्तेऐवजी राजकीय, प्रादेशिक व जातीय विचारांनी होत आहेत आणि त्यांत मुख्यमंत्र्यांचा हात वाढला आहे, असे निरीक्षण आयोगाने नोंदविले.

तथापि, राजकारणातून आलेली प्रत्येक व्यक्ती न्यायपदास अयोग्य ठरली, असे इतिहास सांगत नाही. के. एस. हेगडे हे मद्रास राज्यातून काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि १९५७ साली ते म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी सरकारला न रुचणारे निर्णय दिले. एप्रिल १९७३ मध्ये न्यायमूर्ती ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करताना ज्या तीन न्यायमूर्तींची ज्येष्ठता डावलण्यात आली, त्यांत हेगडे होते. अन्य दोघे न्यायमूर्ती जे. एम. शेलत व ए. एन. ग्रोव्हर. तिघांनीही राजीनामे दिले. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे उदाहरणही असेच आहे. १९५२ साली ते मद्रास विधानसभेवर निवडून आले, १९५७ मध्ये केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, १९६८ साली केरळ उच्च न्यायालयाचे आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कैदी, मजूर आणि गरीब पक्षकार यांच्या हक्कांविषयीच्या त्यांच्या निकालांचा दाखला आजही दिला जातो.

सरकारच्या अधिकाराची दुसरी बाजू मद्रासने १९८१ साली पाहिली. त्या वर्षाच्या आरंभी मद्रासचे मुख्य न्यायमूर्ती एम. एम. इस्माईल यांची केरळला आणि पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती के. बी. एन. सिंह यांची मद्रासला बदली करण्याचे आदेश निघाले. कंबरामायणाचे व्यासंगी म्हणून तामिळ साहित्यविश्वात मान्यता असलेल्या इस्माईल यांनी केरळला जाण्याऐवजी पदत्याग केला. सिंह यांच्या बदलीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एस. पी. गुप्ता खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिसेंबर १९८१ च्या निकालात न्यायालयाने बहुमताने ती बदली वैध ठरविली. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, असेही त्याच निकालात सांगितले. न्यायमूर्तींच्या नेमणुकांत सरकारचा शब्द वरचढ असल्याचे न्यायालयाने स्वतःच मान्य केले.

न्यायवृंदाची स्थापना

बारा वर्षांनी चित्र पालटले. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने १९८१ चा निकाल फिरविला. नेमणुकांत सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य राहील, मात्र ते मत त्यांचे एकट्याचे नसून ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून बनलेले असावे, असे ठरले. यातून ‘न्यायवृंद’, म्हणजेच प्रचलित भाषेतील ‘कॉलेजियम’, ही व्यवस्था आकारास आली. राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर २८ ऑक्टोबर १९९८ रोजी दिलेल्या मतात न्यायालयाने तिची रचना अधिक स्पष्ट केली. सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकांसाठी सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायमूर्ती, तर उच्च न्यायालयांसाठी सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती असा न्यायवृंद निश्चित झाला.

उच्च न्यायालयावरील नेमणुकीची प्रक्रिया साधारणपणे अशी आहे :

● उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपल्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून नावे सुचवितात. मुख्यमंत्र्यांना एखादे नाव सुचवावयाचे असल्यास त्यांनी ते मुख्य न्यायमूर्तींकडे विचारार्थ पाठवावयाचे असते.

● राज्य सरकार व राज्यपाल यांचे मत घेतले जाते. केंद्रीय विधी मंत्रालय गुप्तवार्ता विभागाकडून उमेदवाराविषयी अहवाल मागविते.

● ही सर्व कागदपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदापुढे येतात. त्या उच्च न्यायालयाच्या कामकाजाशी परिचित असलेल्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचेही मत विचारले जाते.

● न्यायवृंदाची शिफारस सरकारकडे जाते. सरकार ती कारणांसह फेरविचारासाठी परत पाठवू शकते. न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठविल्यास नेमणूक करणे सरकारवर बंधनकारक मानले जाते.

● राष्ट्रपतींच्या आदेशाने नेमणूक होते. प्रथम साधारणपणे दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून आणि त्यानंतर कायम न्यायमूर्ती म्हणून, असा क्रम असतो.

कागदावर ही साखळी भक्कम दिसते. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे चेन्नईतील तीन प्रसंगांवरून समजते.

पहिला प्रसंग : मुदतवाढीचा वाद

२००३ साली मद्रास उच्च न्यायालयावर नेमलेल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करण्याची शिफारस २००५ साली न्यायवृंदाने केली नाही. तरीही त्यांना मुदतवाढ मिळत गेली आणि २००७ साली ते कायम झाले. या नेमणुकीला ज्येष्ठ विधिज्ञ शांती भूषण यांनी आव्हान दिले. डिसेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

जुलै २०१४ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी हे प्रकरण जाहीरपणे मांडले. २००४-०५ मध्ये ते मद्रासचे मुख्य न्यायमूर्ती होते. संबंधित न्यायमूर्तींविरुद्ध प्रतिकूल अहवाल असतानाही केंद्रातील आघाडीतील एका पक्षाच्या आग्रहामुळे मुदतवाढ दिली गेली, असा आरोप त्यांनी केला. संसदेत यावर गदारोळ झाला. २००५ साली पंतप्रधान कार्यालयाने शिफारस न होण्याचे कारण विचारले होते आणि त्यानंतर विधिमंत्र्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते, असे तत्कालीन विधिमंत्री रविशंकर प्रसाद यांनी सभागृहात सांगितले. २००५ साली विधिमंत्री असलेले हंसराज भारद्वाज यांनी आपण कोणतीही तडजोड केली नसल्याचे म्हटले. ज्यांच्याविषयी हा वाद होता ते तोपर्यंत हयात नव्हते.

आरोपांच्या खरेखोटेपणात न शिरताही एक गोष्ट यातून स्पष्ट होते. अंतिम शब्द न्यायवृंदाचा असे सांगितले जात असतानाच पडद्याआड पत्रव्यवहार चालू होता आणि त्याची माहिती नागरिकांना नऊ वर्षांनी, तीही वादामुळे, मिळाली. शिफारस का नाकारली आणि मत का बदलले, यांची कारणे त्याच वेळी जाहीर झाली असती, तर संबंधित न्यायमूर्तींनाही आपली बाजू मांडता आली असती.

दुसरा प्रसंग : बारा नावांची यादी

२०१३ च्या अखेरीस मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने १२ नावांची शिफारस केली. काही नावांच्या योग्यतेविषयी आणि यादी ज्या पद्धतीने तयार झाली त्याविषयी चेन्नईतील वकिलांनी निदर्शने केली. ज्येष्ठ वकील आर. गांधी यांनी जनहित याचिका दाखल केली. ८ जानेवारी २०१४ रोजी तिची सुनावणी सुरू असताना त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन न्यायदालनात आले आणि ही निवड न्याय्य नसल्याचे त्यांनी सांगितले. कार्यरत न्यायमूर्तींनी अशा रीतीने दुसऱ्या पीठापुढे उभे राहणे अभूतपूर्व होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०१४ मध्ये न्यायमूर्ती बी. एस. चौहान व न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या खंडपीठाने त्या वर्तनाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. उमेदवार घटनेतील अटी पूर्ण करतो की नाही, ही ‘पात्रता’ न्यायालय तपासू शकते. तो पदास लायक आहे की नाही, ही ‘योग्यता’ मात्र न्यायवृंदानेच ठरवावयाची आहे, असा भेद या निकालात पुन्हा अधोरेखित झाला.

तिसरा प्रसंग : एकाच दिवशीचे दोन ठराव

१७ जानेवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील न्यायवृंदाने मद्रास उच्च न्यायालयासाठी अनेक नावांवर निर्णय घेतला. त्यांतील दोन नावे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले नाव वकील आर. जॉन सत्यन यांचे. त्यांची मूळ शिफारस फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली होती. पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख त्यांनी समाजमाध्यमावर प्रसृत केल्याची नोंद गुप्तवार्ता विभागाच्या अहवालात होती. एवढ्यावरून त्यांच्या योग्यतेला बाध येत नाही, असे सांगून न्यायवृंदाने त्यांचे नाव पुन्हा पाठविले. दुसरे नाव मदुराई येथे वकिली करणाऱ्या व्हिक्टोरिया गौरी यांचे. ती त्यांची पहिलीच शिफारस होती.

फेरशिफारस झालेले नाव प्रलंबित राहिले. नव्याने सुचविलेल्या नावाची अधिसूचना ६ फेब्रुवारीला, म्हणजे तीन आठवड्यांत, निघाली. आधी पाठविलेली नावे मागे ठेवून नंतरची नावे मंजूर केल्याने उमेदवारांची ज्येष्ठता जाते आणि ही गंभीर चिंतेची बाब आहे, असे न्यायवृंदाला २१ मार्च २०२३ च्या ठरावात नमूद करावे लागले.

गौरी यांच्या नावाला चेन्नईतील काही वकिलांनी फेब्रुवारीच्या आरंभीच लेखी हरकत घेतली होती. त्या भारतीय जनता पक्षाच्या महिला मोर्चाशी संबंधित होत्या. मात्र आपला आक्षेप राजकीय पार्श्वभूमीला नसून अल्पसंख्याक समाजांविषयी त्यांनी केल्याचे सांगितल्या जाणाऱ्या वक्तव्यांना आहे, असे याचिकाकर्त्यांनी स्पष्ट केले होते. शिफारशीनंतर काही बाबी न्यायवृंदाच्या निदर्शनास आल्याचे सरन्यायाधीशांनीही न्यायालयात सूचित केले होते. ७ फेब्रुवारीला न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने याचिका फेटाळल्या. मूळचे अमरावतीचे असलेले न्यायमूर्ती गवई यांनी सुनावणीत आपलीही राजकीय पार्श्वभूमी असल्याचे आणि वीस वर्षांच्या न्यायदानात ती कधी आड न आल्याचे सांगितले. योग्यतेचा निर्णय न्यायवृंदाचा आहे आणि त्याला फेरविचाराचा आदेश न्यायालय देऊ शकत नाही, असे १० फेब्रुवारीला दिलेल्या सविस्तर कारणांत म्हटले आहे. अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करताना त्यांच्या कामाचा विचार होतो, याकडेही पीठाने लक्ष वेधले. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये गौरी यांच्यासह मद्रासच्या पाच अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करण्यात आले.

येथे विश्वासाचा प्रश्न दुहेरी झाला. न्यायवृंदाला सर्व माहिती होती का, हा पहिला. सरकारने एका नावाला वेग आणि दुसऱ्याला विलंब का दिला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न्यायालयाला शोधता येत नाही आणि दुसऱ्याचे उत्तर सरकार देत नाही.

मुख्य न्यायमूर्तींच्या बदल्या

निवडीइतकाच बदलीचा अधिकारही महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायमूर्ती राहिलेल्या विजया ताहिलरमानी २०१८ साली मद्रासच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायवृंदाने त्यांची मेघालयात बदली सुचविली. मद्रासच्या तुलनेत मेघालयातील न्यायमूर्तींची संख्या अगदीच अल्प. फेरविचाराची त्यांची विनंती ३ सप्टेंबरला अमान्य झाली आणि तीन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. चेन्नईतील वकिलांनी या बदलीच्या निषेधार्थ कामकाजावर बहिष्कार टाकला. बदलीमागे सबळ कारणे असून आवश्यकता भासल्यास ती उघड करण्यास हरकत नाही, असे निवेदन सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने काढण्यात आले. २०२१ च्या अखेरीस मुख्य न्यायमूर्ती संजीब बॅनर्जी यांचीही मद्रासहून मेघालयातच बदली झाली.

याउलट घडलेले उदाहरणही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायवृंदाने ओडिशाचे मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांचे नाव मद्रासच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी सुचविले. सरकारने त्यावर कोणताही निर्णय कळविला नाही. सुमारे सात महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, न्यायवृंदाने ती शिफारस मागे घेतली आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांचे नाव पाठविले. २८ मे २०२३ रोजी त्यांनी चेन्नईत पदभार स्वीकारला. नकार न देता, कारण न सांगता केवळ मौन पाळूनही एखादी निवड निष्प्रभ करता येते, हे या घटनेने दाखविले.

निवड चुकली तर

न्यायमूर्तींची नेमणूक एकदा झाली की ती रद्द करण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो. सिद्ध गैरवर्तन किंवा असमर्थता या कारणांवरूनच आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश तसेच एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने ठराव संमत झाल्यासच न्यायमूर्तींना पदावरून दूर करता येते. न्यायाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी हे संरक्षण आवश्यक आहे. पण त्यामुळेच नेमणुकीपूर्वीची छाननी अधिक काटेकोर असणे गरजेचे ठरते.

असा ठराव प्रथम ज्यांच्याविरुद्ध लोकसभेत मतास गेला ते न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी मूळचे मद्रास उच्च न्यायालयाचे. पंजाब व हरियाणाचे मुख्य न्यायमूर्ती असताना केलेल्या शासकीय खर्चाविषयी त्यांच्यावर आरोप होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक आरोप सिद्ध झाल्याचे म्हटले. ११ मे १९९३ रोजी ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही पडले नाही, परंतु २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव फेटाळला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायवृंदाची पद्धत आली.

ती पद्धतही चुकीपासून मुक्त नव्हती. वर उल्लेख केलेले न्यायमूर्ती कर्णन २००९ साली न्यायवृंदाच्याच शिफारशीने मद्रास उच्च न्यायालयावर आले होते. कलकत्ता उच्च न्यायालयात असताना मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल त्यांना सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. कार्यरत उच्च न्यायालय न्यायमूर्तींना झालेली ही अशी पहिलीच शिक्षा होती. त्या प्रकरणात न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती रंजन गोगोई यांनी स्वतंत्र मत नोंदवून, न्यायमूर्तींच्या निवडीच्या पद्धतीकडे नव्याने पाहण्याची गरज प्रतिपादिली. निवडीच्या वेळी व्यक्तिमत्त्वाचे यथार्थ मूल्यमापन झाले नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

अन्य देशांतील पद्धती

नेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा का, हा वाद अमेरिकेत २००५ साली रंगला. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ३ ऑक्टोबरला आपल्या कायदेविषयक सल्लागार हॅरिएट मायर्स यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले. त्यांनी न्यायमूर्ती म्हणून कधी काम केले नव्हते. आपण त्यांना ओळखतो, हा अध्यक्षांचा मुख्य आधार होता. विरोधी पक्षाइतकीच अध्यक्षांच्या स्वपक्षीयांनीही शंका घेतली आणि २७ ऑक्टोबरला मायर्स यांनी माघार घेतली. सिनेटमध्ये उघड चौकशी होणार असल्याने केवळ परिचयाचा दाखला पुरला नाही. तथापि, त्या पद्धतीत प्रत्येक नेमणूक पक्षीय मतदानाचा विषय बनते, हेही तितकेच खरे.

इंग्लंड व वेल्समध्ये २००६ पासून स्वतंत्र न्यायिक नियुक्ती आयोग काम करतो. त्यात विधिक्षेत्राबाहेरील सदस्यही असतात आणि पदांसाठी खुले अर्ज मागविले जातात. दक्षिण आफ्रिकेत न्यायिक सेवा आयोग उमेदवारांच्या मुलाखती जाहीरपणे घेतो.

भारतातही २०१४ साली संसदेने घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग निर्माण केला. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, केंद्रीय विधिमंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असे सहा सदस्य होते. कोणतेही दोन सदस्य एखादे नाव रोखू शकत होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने हा आयोग घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी वेगळे मत नोंदविले. न्यायवृंदाच्या पद्धतीत सुधारणा आवश्यक असल्याचे मात्र त्यानंतर घटनापीठानेही मान्य केले.

विश्वास कशावर ठेवावा?

काही सुधारणा झाल्याही. ऑक्टोबर २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव प्रसिद्ध होऊ लागले. जॉन सत्यन यांच्याविषयीचा गुप्तवार्ता विभागाचा आक्षेप आणि त्यावरील न्यायवृंदाचे उत्तर नागरिकांना वाचता आले, ते यामुळेच. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारसाठी कालमर्यादा आखून दिली. एकमताने फेरशिफारस झाल्यास तीन ते चार आठवड्यांत नेमणूक व्हावी, असे त्यात म्हटले आहे. पण ठरावांतील कारणे पुष्कळदा एक-दोन वाक्यांत आटोपतात आणि कालमर्यादा पाळली न गेल्यास पुढे काय, याचे उत्तर नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. २८ जुलै २०२५ रोजी न्यायवृंदाने मुंबई उच्च न्यायालयासाठी वकील आरती साठे यांचे नाव सुचविले. त्या पूर्वी भारतीय जनता पक्षाच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. विरोधी पक्षांनी या निवडीवर आक्षेप घेतला, तर त्यांनी शिफारशीच्या बऱ्याच आधी पक्षाचा राजीनामा दिल्याचे पक्षातर्फे सांगण्यात आले. दोन वर्षांपूर्वी चेन्नईत जे प्रश्न विचारले गेले, तेच या वेळी मुंबईत विचारले गेले आणि त्यांची समाधानकारक तड लावणारी कार्यपद्धती तेव्हाप्रमाणेच आताही उपलब्ध नव्हती.

मद्रासच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. राजकीय पार्श्वभूमी ही आपोआप अपात्रता नव्हे. हेगडे व कृष्ण अय्यर यांनी ते आपल्या निकालांनी सिद्ध केले. निवडणाऱ्याची प्रतिष्ठा ही निवड अचूक असल्याची हमी नव्हे. पंतप्रधानांच्या काळात तसेच न्यायवृंदाच्या काळातही ते दिसून आले. न्यायालये योग्यतेच्या प्रश्नात शिरत नसल्यामुळे आणि नेमणुकीनंतर पदच्युती जवळजवळ अशक्य असल्यामुळे, हरकती ऐकून घेण्याची जागा नेमणुकीपूर्वीच असावयास हवी. तेथे आक्षेप घेणाऱ्याला बोलता यावे आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्यालाही उत्तर देता यावे.

उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढणारा पक्षकार आपला न्यायमूर्ती स्वतः निवडत नाही. जमिनीचा वाद असो, नोकरीचा असो वा अटकेविरुद्धची दाद असो, समोर बसलेली व्यक्ती निःपक्षपाती आहे असे मानूनच त्याला उभे राहावे लागते. त्याच्या वतीने ती निवड करणाऱ्यांनी, मग ते सरकार असो वा न्यायवृंद, आपली कारणे वेळेवर व उघडपणे मांडली, तर त्या विश्वासाला आधार मिळतो. १९४९ साली डॉ. आंबेडकरांनी कोणा एकाच्या हाती नकाराधिकार देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांचा रोख हाच होता. सत्तेवरील व्यक्ती बदलत राहतात. कार्यपद्धती नीट असेल, तर त्या व्यक्तींविषयी निश्चिंत राहण्याची गरज नागरिकाला भासत नाही.